दसारामजींचा मार्का

आमचे शेजारी दसारामजी वेलावरचं कोहळं लिंबाएवढं असतानाच त्याच्यावर डांबराचा मार्का घालत. एक गोल आणि गोलात दोन उभ्या काड्या. कोहळं वाढे तसा मार्काही ताणत ताणत वाढे, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या छपरावर डोळे वटारलेली पाच-सात कोहळी पसरून बसलेली असत.

कोहळ्यावरच कशाला, मार्का सगळ्यावर होता. लोटा, छत्री, झाडू, दोन्ही वहाणा, बाजेचे चारही पाय. बाजेचा एकटा पाय कोण चोरून नेणार आहे, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. मी शाळामास्तर. ती नजर माझी होती, आणि ती माझ्यावरच वापरलेली मला मुळीच आवडली नाही.

त्यांची सगळी नोकरी आमगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर गेली होती. तांदळाची पोती, तेंदूपानांचे बोद, लाखेच्या गोण्या. प्रत्येकावर धाडणाऱ्याची खूण घालायची आणि खाली घेणाऱ्याचं नाव लिहायचं, हे काम तीस वर्षं. नोकरी सुटली, पण डांबराचा डबा आणि ब्रश सुटला नाही. "कोनाचं, कोनाले?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. माझी बायको वाटीभर वरण घेऊन त्यांच्या दारात गेली तरी आधी हाच प्रश्न, मग वाटी. त्यांच्याकडचं कोहळं आमच्याकडे आलं की त्यावर गोल, दोन काड्या आणि खाली लिहिलेलं असे, 'मास्तर'.

एकदा हसत हसत म्हणाले की इतकी पोती हाताखालून गेली, पण घेणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहायची पाळी कधी आली नाही. मीही हसलो. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही, अशा माणसाच्या त्या बोलण्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

आमच्या ओळीत घरं तीन. एका टोकाला आम्ही, मध्ये मुरमुरे भाजून विकणाऱ्या यमुनाबाई, दुसऱ्या टोकाला दसारामजी. तिन्ही घरांचे मालक चैनलालजी, गावातले मोठे शेतकरी आणि जिभेनं फार गोड. दर अक्षय तृतीयेला भाडेचिठ्ठी नवी व्हायची. तिच्यात एक कलम ठळक अक्षरात असे: भाडेकरूनं छपराला हात लावायचा नाही, लावल्यास घर खाली करावं. मालकही कधी लावत नसत. त्यामुळे छपराला हात लावणारी फक्त वानरं.

पहिल्या पावसाळ्यात आमचं घर असं गळलं की बायको शेगडी घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती. यमुनाबाईंचे मुरमुरे सादळून चिवट होत, आणि बाजारात त्यांना कोणी हात लावीना. शेवटी मी तणतणत मालकांकडे निघालो, तर दसारामजींनी मला रस्त्यातच अडवलं.

"मास्तर, कायले जाऊन राहिले? घर सुधरलं का भाडं वाढते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लढाईच्या दिवसांत घरं मिळेनाशी झाली होती, तेव्हा सरकारनं नियम केला होता की चिठ्ठी नवी करताना मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येणार नाही. मालकानं पदरमोड करून घरात काही सुधारणा केली आणि सरकारी साहेबांनी येऊन ती डोळ्यांनी पाहिली, तरच. हा नियम दसारामजींच्या अंगातच भिनला होता. मालकांनी एकदा, बहुधा चुकून, कवेलू फेरणारी, म्हणजे छपराची कौलं नीट लावणारी, दोन माणसं पाठवली. त्यांची नजर चुकवून दसारामजींनी त्यांची शिडी आपल्या बाजेखाली सरकवली आणि बाजेवर आडवे झाले. माणसं उन्हं उतरेपर्यंत बसून राहिली आणि निघून गेली. ही गोष्ट मी गावभर रंगवून सांगितली. गळकं घर जिवापाड जपणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला होता. वैतागून मी स्वतःच स्टुलावर चढलो आणि आतून कवेलूंच्या फटींमध्ये भाताचं तणस कोंबलं.

आणि पुढच्या पावसाळ्यात आमचं घर गळलं नाही. एक थेंब नाही. आमची कुसुम तेव्हा तीन महिन्यांची होती, पाळणा घराच्या मधोमध टांगलेला. मी माझं तणसाचं शास्त्र बायकोला, शाळेतल्या हेडमास्तरांना, दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला, सगळ्यांना समजावून सांगितलं.

बायकोचं मात्र त्या वर्षी दसारामजींशी बिनसलं होतं. घर लहान म्हणून कुसुमचं बारसं आम्ही शाळेच्या पडवीत केलं. दसारामजी आले, पाळण्यापाशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, नाव काय ठेवलं ते बरोबर लिहून द्या. मी कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. तो त्यांनी टोपीत ठेवला आणि पंगत मांडलेली असताना न जेवता चालते झाले. आता पोरीवरही मार्का घालायचा बेत असेल, असं मी म्हणालो आणि चारचौघांना हसवलं. बायको हसली नाही. लेकीच्या बारशाचं पान मोकळं राहिलं, हे तिला लागलं. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात कवेलूचे दोन तुकडे पडले होते. वानरं येऊन गेली, असं दसारामजींनीच सांगितलं. वानरांचा एक विचित्र नेम होता. यमुनाबाई आठवडी बाजाराला गेल्या की नेमकी तेव्हाच ती त्यांच्या छपरावर येत.

तो पावसाळा सरल्यावर आलेल्या अक्षय तृतीयेला चैनलालजींनी नवी चिठ्ठी समोर ठेवली. यमुनाबाईंचं आणि आमचं भाडं दीडपट. कारण लिहिलं होतं की मागल्या साली या दोन घरांचे कवेलू फेरले, मोडके काढून चांगले घातले. मला हसू आलं. यमुनाबाईंना आलं नाही. त्यांची भट्टी घराला लागून होती. दीडपट भाडं त्यांना झेपणार नव्हतं, आणि घर सुटलं म्हणजे भट्टी सुटली. धुराला कंटाळून दुसरं कोणी त्यांना जागा देणार नव्हतं. त्यांनी अंगठा दिला नाही, मी सही केली नाही. मालकांनी वर अर्ज केला आणि चौकशीला गोंदियाहून साहेब यायचा दिवस ठरला.

साहेब शिपायाला घेऊन सकाळीच आले. अंगानं बारीक, घामानं भिजलेले, आणि प्रश्न फार सरळ विचारणारे. सरळ प्रश्नांची मला पहिल्यापासून भीती वाटते.

पहिल्या साली घर गळत होतं का? होतं. मागल्या साली? नाही. मग दुरुस्त कोणी केलं? मी तणसाचं सांगायला लागलो. साहेबांनी मान वर करून पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. तणसाची काडीसुद्धा तिथे नव्हती. कवेलू मात्र एकसारखे, दाटीनं, कुठे फट नाही असे बसवलेले होते. यमुनाबाईंच्या घरातही तेच.

चैनलालजी गोड आवाजात म्हणाले की आपली माणसं येऊन काम करून गेली, यांच्या लक्षात नसेल. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं मात्र माणसं हाकलून लावली, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. ते खरोखरच ठाऊक होतं. मीच तर सांगत फिरलो होतो.

साहेबांनी मांडीवर कागद घेतला. यमुनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. एरवी भट्टीपुढे बसून गिऱ्हाइकांशी तोंड भरून भांडणारी ती बाई. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

दसारामजी आपल्या दारात बाजेवर बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांचं भाडं वाढणार नव्हतं. ते बसून राहिले असते तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. ते उठले.

"साहेब, लिहू नका. शिडी माह्यापाशी हाये. शिपायाले वर चढवा. मास्तरच्या घरचा कोनताबी कवेलू काढा अन् त्याचं पोट पाहा."

शिपाई चढला. कवेलू एकमेकांवर वीतभर चढवलेले असतात, आणि तेवढा भाग कायमचा झाकलेला राहतो. त्या झाकलेल्या भागावर डांबराचा गोल होता, गोलात दोन काड्या, खाली 'मास्तर'. दुसरा काढला, त्याच्यावर तेच. यमुनाबाईंच्या छपरावरचे चार-पाच काढले. गोल, दोन काड्या, 'यमुनाबाई'. मग साहेबांनी दसारामजींच्या छपरावरचा कोहळ्याचा वाळलेला वेल काठीनं बाजूला करायला लावला. त्याच्याखाली कवेलू असे थोडेच होते. बांबूच्या कांबी होत्या आणि कांबींमधून घरातली बाज दिसत होती.

चैनलालजी सगळ्यांच्या आधी सावरले. म्हणाले, म्हणजे यानं छपराला हात लावला. साहेबांनी चिठ्ठी वाचावी आणि याच्याकडून घर खाली करून द्यावं. आवाजातला गोडवा गेला होता. दसारामजींच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. ते कलम त्यांना पाठ होतं. पाठ असूनही ते उठले होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

स्वतःचं घर उघडं करून लोकांची का झाकलीस, असं साहेबांनी विचारलं.

"बाईचे मुरमुरे भिजून जात होते. मास्तरच्या घरी लेकरू होतं." एवढं बोलून त्यांनी आपल्या छपराच्या कांबींकडे पाहिलं. "माह्या घरी भिजायले कोन हाये, साहेब?"

यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं. मालकानं काही सुधारणा केलेली नाही, सबब जुन्याच भाड्यानं चिठ्ठ्या नव्या कराव्यात. घर खाली करून घ्यायलाही परवानगी लागते, ती दिलेली नाही, कारण ओळीतले कवेलू ओळीतच आहेत, एकही बाहेर गेलेला नाही. आणि मालकानं दसारामच्या घरावर कवेलू घालून द्यावेत.

एवढा वेळ ताठ उभे असलेले दसारामजी या शेवटच्या वाक्याला घाबरले. "नको साहेब. भाडं वाढन."

होतं ते परत घालणं ही सुधारणा नव्हे, असं साहेबांनी हसून सांगितलं. दसारामजींनी ते वाक्य वेगळ्या कागदावर लिहून घेतलं, त्यावर सही मागून घेतली, आणि साहेबांची पाठ वळल्यावर कागदाच्या मागे मार्का घातला.

शिपायानं विस्कटलेले कवेलू बसवायला मी दुसऱ्या दिवशी शिडीवर चढलो. पाळण्याच्या बरोबर वरचा एक कवेलू हलत होता, म्हणून उचलला. गोल, दोन काड्या. खाली 'मास्तर' नव्हतं. खाली 'कुसुम' होतं, मी बारशाला लिहून दिलं होतं त्याच वळणात, गिरवून गिरवून काढलेलं. आम्ही पंगतीला बसलो होतो तेव्हा हा माणूस चैत्राच्या उन्हात इथे बसून होता. मला माझीच लाज वाटली. कवेलू होता तसा ठेवला आणि खाली उतरलो.

बायकोला सांगितलं. तिनं खीर केली, पितळी डब्यात भरली, चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला आणि झाकणावर काय लिहायचं ते सांगितलं. कुसुमला कडेवर घेऊन आम्ही त्यांच्या दारात गेलो. ते बाजेवर बसले होते. सवयीनं म्हणाले, "कोनाचं, कोनाले?"

मी वाचून दाखवलं. कुसुमकडून, दसाराम आजोबांना.

त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला. झाकण डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. तीस वर्षं लोकांची नावं वाचण्यात गेलेला माणूस, पण मला म्हणाला, "मास्तर, अजून एक बार वाचा." मी पुन्हा वाचलं. कुसुमनं त्यांची टोपी ओढली, ती त्यांनी ओढू दिली.

तो डबा आमच्याकडे परत आला नाही. बऱ्याच महिन्यांनी एकदा त्यांच्या घरातल्या कोनाड्यात दिसला. कोळसा पुसून जाईल म्हणून ती अक्षरं त्यांनी डांबरानं पक्की केली होती. स्वतःचा मार्का मात्र त्या डब्यावर कुठेही घातला नव्हता.