पाटावरची हार्डडिस्क

मॉडेलमध्ये चौदा चौकोन होते, बावीस लंबगोल आणि त्यांना जोडणारे पस्तीस बाण. चौकोन म्हणजे काम करणारी टूल्स, छोटे छोटे प्रोग्रॅम. लंबगोल म्हणजे त्यांच्यात जाणारी आणि त्यांच्यातून निघणारी माहिती. खंडेनवमीच्या दुपारी डबा खाऊन श्रद्धाने कॉम्प्युटरवर मॉडेल उघडले, तेव्हा चौदापैकी नऊ चौकोनांवर लाल फुली होती. काल संध्याकाळी एकावरही नव्हती.

मॉडेलचे काम साधे होते. हिंदुराव नावाच्या गृहस्थांची लोणी काळभोरला मोठी डेअरी होती आणि त्यांना बिबवेवाडीत पेढ्या-बर्फीचे दुकान काढायचे होते. वस्ती कुठे दाट आहे, दुसरी डेअरी कुठे जवळ नाही, रस्ता कुठे रुंद आहे आणि जागा कुठे रिकामी आहे, हे नकाशे एकावर एक ठेवून मॉडेलने एक ठिपका द्यायचा होता. तो ठिपका बघायला हिंदुराव चार वाजता येणार होते. उद्या दसरा होता आणि दसऱ्याला जागा ठरवायची म्हणजे ठरवायचीच, असे त्यांनी फोनवर दोनदा बजावले होते.

नकाशांची ही छोटी कंपनी बद्रीनाथ सरांची. तीत सर धरून तीन माणसे. श्रद्धाचे ट्रेनिंग आज संपत होते. "मॉडेल चाललं तर तू कायम," सर म्हणाले होते. नाही चालले तर काय, ते म्हणाले नव्हते. पण अकोल्यात वडिलांनी एका शाळेत भूगोलाच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. श्रद्धाला अकोल्याला परत जायचे नव्हते. तिला हे चौकोन आवडू लागले होते.

फुल्या बघून घाबरण्याआधी तिने त्या नऊ टूल्समध्ये समान काय आहे ते पाहिले. जी पाच चांगली होती, ती सॉफ्टवेअरबरोबरच आलेली होती. बिघडलेली नऊ सरांनी स्वतः बनवलेली होती, आणि ती बाहेरच्या हार्डडिस्कवर, म्हणजे ई ड्राइव्हमध्ये राहत होती. कॉम्प्युटरवर ई ड्राइव्ह दिसतच नव्हता. टेबलावर हार्डडिस्कच्या मापाचा, धूळ नसलेला एक आयत होता.

"सुदर्शन, हार्डडिस्क कुठाय?"

"पाटावर," सुदर्शन मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. गाडीवरून गल्लोगल्ली हिंडून नकाशासाठी माहिती गोळा करणे हे त्याचे काम. "सर म्हणाले, ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते सगळं पूजेला मांड. मी मांडलं."

कोपऱ्यात पाटावर लाल कापड होते. त्यावर मोजायची टेप, स्क्रू ड्रायव्हर, जीपीएसचे हातात धरायचे यंत्र आणि मधोमध, हळदकुंकू लावलेली, झेंडूखाली अर्धी बुडालेली हार्डडिस्क. श्रद्धाने हात पुढे केला.

"हं!" मागून आवाज आला.

यमुनाबाई दारात उभ्या होत्या. इमारत त्यांची, त्या पहिल्या मजल्यावर राहत, ऑफिस तळमजल्यावर. सकाळची पूजा सरांनी त्यांच्याच हातून करून घेतली होती.

"पूजेतली वस्तू उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही."

"काकू, पण चार वाजता क्लायंट येतोय."

"येऊ दे की. प्रसाद आहे."

सर केबिनमधून बाहेर आले, यमुनाबाईंकडे बघितले आणि श्रद्धाला म्हणाले, "काकू म्हणतात ते बरोबर आहे." मग तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "काहीतरी कर."

श्रद्धाने नियम नीट समजून घ्यायचे ठरवले. "काकू, हलवायची नाही. पण जागेवर ठेवूनच वापरली तर?"

"आज हत्यारं विश्रांती घेतात. वापरायची कशी?"

"ही फक्त वाचायची आहे. आतलं बघायचं, बस."

यमुनाबाईंनी विचार केला. "वाचायला माझी हरकत नाही. पण तिच्यावर काही लिहायचं नाही."

आता मॉडेलची चौदाही उत्तरे हार्डडिस्कवरच लिहिली जात होती. श्रद्धाने एकेक चौकोन उघडून चौदा पत्ते बदलले आणि उत्तरे कॉम्प्युटरच्या पोटात वळवली. मग लक्षात आले, की हार्डडिस्कची वायर हातभर लांब आहे आणि पाट टेबलापासून चार हात दूर आहे.

"पाट हलणार नसेल तर आपण हलू," ती म्हणाली.

सुदर्शनने कॉम्प्युटर उचलून पाटाशेजारी ठेवला, मॉनिटर स्टुलावर आला, माउस चप्पल ठेवायच्या फळीवर. श्रद्धा सतरंजीवर मांडी घालून बसली. कॉम्प्युटर सुरू झाला तशी सुदर्शनला भक्ती सुचली. "मॅडम, मशीन देवापुढे आलंच आहे, तर आरती लावतो." त्याने खिशातला पेनड्राइव्ह खोचला आणि आरती सुरू झाली.

श्रद्धाने झेंडू न हलवता वायर जोडली. फुल्या नऊच्या नऊ.

तिने ड्राइव्हची नावे पाहिली. मोकळे असलेले ई हे अक्षर पेनड्राइव्हने आधीच पटकावले होते, म्हणून हार्डडिस्क एफ झाली होती. मॉडेल सरांची टूल्स ई मध्ये शोधत होते आणि तिथे त्याला आरत्या सापडत होत्या.

"सुदर्शन, पेनड्राइव्ह काढ."

"आरती अर्धवट बंद करायची नाही," यमुनाबाई म्हणाल्या.

सगळे हात जोडून उभे राहिले. सर टाळ्या वाजवताना घड्याळाकडे बघत होते, त्यामुळे ताल चुकत होता. घालीन लोटांगण झाले, मंत्रपुष्पांजली झाली, कापूर फिरला. मग पेनड्राइव्ह निघाला, वायर काढून परत जोडल्यावर हार्डडिस्क पुन्हा ई झाली, आणि नऊ फुल्यांपैकी आठ एकदम गेल्या.

"एक का राहिली?" सर म्हणाले.

"हे टूल रिकाम्या जागा मागतंय, सर. माहितीच येत नाहीये."

सर सुदर्शनकडे वळले. "आठवडाभर कुठे फिरत होतास?"

"सगळी बिबवेवाडी फिरलो की! भाड्याने देण्याची पाटी दिसली की बटण दाबायचं, तुम्हीच सांगितलंत. दाबत आलो. सगळं जीपीएसमध्ये आहे. काल ते मशीनला जोडलेलंच होतं."

"आणि जीपीएस?"

सुदर्शनने पाटाकडे बोट दाखवले.

"वाचायचंच आहे ना?" यमुनाबाई म्हणाल्या. "वाचा."

श्रद्धाने दुसरी वायर झेंडूखालून घातली. शेवटची फुली गेली. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

"हाय का कुणी?" हिंदुराव फेटा सावरत आत आले आणि थबकले. उदबत्तीचा धूर, पाट, फुलांतून निघालेल्या वायरी आणि सतरंजीवर मांडी घातलेली मुलगी. त्यांनी आधी हात जोडले. "देवापुढं मांडून जागा काढताय व्हय! लई झ्याक. मला वाटलं, नुसतं मशीनच हाय."

"आमची पद्धतच तशी आहे," सर म्हणाले.

श्रद्धाने बटण दाबले. चौकोन एकामागून एक लाल झाले. धावणारे टूल लालच दिसते, हे माहीत नसल्यामुळे सरांनी... खरे म्हणजे माहीत असूनही सरांनी भिंत धरली. चौदावा चौकोन संपला आणि नकाशावर एक हिरवा ठिपका पडला. श्रद्धाने नकाशा मोठा केला. अजून मोठा केला.

"कुठली जागा म्हनायची ही?" हिंदुरावांनी विचारले.

"ही," श्रद्धा म्हणाली.

"ही म्हंजी?"

"आपण बसलोय ती."

सर हसले. हसणे लवकर थांबले. "टूल बिघडलंय. अजून काहीतरी तुटलेलं आहे. बघ."

श्रद्धाने पाहिले. नकाशा सरकला असेल म्हणून चौकातल्या पाण्याच्या टाकीची जागा ताडून पाहिली. फरक तीन मीटरांपेक्षा कमी होता. रस्ता रुंद होता. वस्ती दाट होती. जवळ डेअरी नव्हती. चौदाही टूल्स तिने उलटी तपासत नेली आणि शेवटी रिकाम्या जागांवर येऊन थांबली. ठिपका तिथे आधीपासूनच होता.

"सुदर्शन, तू आपल्याच ऑफिसवर बटण दाबलंस?"

"आपलं ऑफिस?" सुदर्शन डोके खाजवू लागला. "मॅडम, मी मागच्या बोळातून आलो होतो. मागून काय ओळखणार?"

सगळे उठून इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात गेले. मागच्या फाटकावर पाटी होती. अक्षर सुबक होते.

'तळमजला दिवाळीपासून भाड्याने देणे आहे. चौकशी पहिल्या मजल्यावर करावी. तळमजल्यावर करू नये. त्यांना माहीत नाही.'

"काकू!" सर म्हणाले.

"करार दिवाळीत संपतो, पुढे काय ते सांगा, असं मी तुम्हाला तीनदा विचारलं," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तिन्ही वेळा 'बघू' म्हणालात. म्हणून पाटी लावली. तुम्ही तीही बघितली नाहीत."

हिंदुरावांनी पाटी वाचली, रस्ता बघितला, समोरच्या सोसायटीच्या खिडक्यांवरून बोट फिरवले. "मशीन सांगतंय, देव सांगतोय आन् मालकीणबाईंची बी ना नाय. आता आनि कुणाला इचारू?" ते सरांकडे वळले. "का हो साहेब, तुमचं मशीन बरोबर हाय न्हवं?"

सरांनी पाटीकडे बघितले, मग हिंदुरावांकडे. मॉडेल बरोबर म्हणावे तर ऑफिस जात होते, चूक म्हणावे तर गिऱ्हाईक.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले.

"सर," श्रद्धाने हळूच विचारले, "म्हणजे मी कायम?"

"कायम. कुठे, ते माहीत नाही."

दसऱ्याला हिंदुरावांनी तळमजल्यावर नारळ फोडला आणि तिघांना अर्धा-अर्धा किलो पेढे दिले. उत्तरपूजा झाल्यावर श्रद्धाने हार्डडिस्क पुसून घेतली. कुंकू एका कडेला राहिले, ते तिने तसेच ठेवले.

मग सर म्हणाले, "आता आपल्यासाठी चालव." तिने डेअरीची अट काढून टाकली. सुदर्शन पुन्हा बिबवेवाडीभर फिरला. या वेळी प्रत्येक इमारत पुढून आणि मागून. परत आला तेव्हा यमुनाबाईंच्या मागच्या फाटकावर नवी पाटी होती: 'दुसरा मजला भाड्याने देणे आहे. पाटी वाचणाऱ्यांनी वर यावे.' त्याने बटण दाबले.

मॉडेल चालले. फुली एकही नव्हती. जुन्या ऑफिसपासून नवी जागा किती लांब पडते, हे श्रद्धाने नकाशावर मोजले.

शून्य मीटर.