बाबांच्या गाडीतला दुसरा काटा

विजेच्या गाड्यांबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. गेले तीन आठवडे मी दुसरं काही वाचलेलं नाही. पूर्ण विजेची गाडी बरी, की थोडी विजेवर आणि थोडी पेट्रोलवर चालणारी प्लग-इन हायब्रिड? खर्च किती, धूर किती, वीज कोळशाची असली तर किती, असा चार रंगांतला तक्ताच मी केला होता. त्यात पूर्ण विजेची गाडी जिंकत होती. जिंकायलाच हवी होती, कारण बाबांची गाडी तीच होती!

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. "मी पेट्रोल पंपाचं तोंड पाहत नाही!" असं ते अभिमानाने सांगत. रोज संध्याकाळी गाडीला वायर जोडत, सकाळी काढत. आता मामा म्हणत होता, ती विकून टाका.

मामा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. जगातली कोणती वस्तू कशी पेटते, हे त्याला तोंडपाठ. "ताई, ही रस्त्यात बंद पडली तर काय करशील? हायब्रिड घे. बॅटरी संपली तरी पेट्रोल असतं."

आई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ती रोज संध्याकाळी वायर तेवढी जोडत होती. गाडी दिवसभर हललेली नसली, तरीही. गाडी गेल्यावर ती संध्याकाळी काय करेल, याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

"मावशीकडे जाऊन येऊ," मी म्हणाले. "जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. बॅटरी जुनी झालीय, तरी पन्नास किलोमीटर दाखवते."

"आणि अडकलो तर?" मामाने विचारलं.

"तर विकू!" बोलून बसले खरी.

आई शेजारी, मामा मागे. जाताना मी राणीसारखी चालवली. समोर दोन काटे होते. एक बॅटरीचा. दुसरा कायम भरलेला असे. तो काच धुण्याच्या पाण्याचा असावा, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

परतताना पूल बंद. वळसा नऊ किलोमीटरचा, तोही चढाचा! मी एसी बंद केला. मग रेडिओ. मग मामाला मोबाइल चार्जरवरून काढायला लावला.

"किती राहिली?" मामा मागून.

"सहा."

"घर किती?"

"अकरा. बोलू नकोस, वजन पडतं!"

चार. तीन. माझे तळवे स्टिअरिंगला चिकटले. एक. मग शून्य. आणि गाडीच्या पोटातून गुरगुर ऐकू आली! सहा वर्षांत या गाडीने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. आरशात पाहते तर मागून धूर!

"बॅटरी पेटली!" मामा दार उघडून असा उडाला की बूट आतच राहिला. "उतरा! अर्ध्या मिनिटात स्फोट होतो!"

मी गाडी कडेला घेतली, उतरले, आईचं दार उघडलं. आई उतरेना.

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते."

"आई, गाडी पेटतेय!"

"पेटू दे. मी बसते."

एरवी मी तिळाचा ताड करते. त्या क्षणी वाटलेली भीती मात्र जशीच्या तशी होती. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. मी तिचा दंड धरून ओढत होते, ती पट्टा सोडत नव्हती, आणि मामा पन्नास पावलांवरून एका बुटात अग्निशमन दलाला पत्ता सांगत होता.

बंब आला. एक पोट सुटलेला जवान उतरला, गाडीभोवती फिरला, धुराचा वास घेतला आणि आत वाकून दुसऱ्या काट्यावर टिचकी मारली.

"बाई, ही हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन सुरू झालंय."

"शक्यच नाही! मी सगळं वाचलंय."

"गाडीची कागदपत्रं वाचलीत?"

ती समोरच्याच कप्प्यात होती, मी कधी न उघडलेल्या.

"पेट्रोल जुनं आहे, थोडा धूर व्हायचाच. पण टाकी गच्च आहे हो. भरली कोणी?"

बाबांशिवाय कोण भरणार! अडकायची भीती बाबांनाही होती तर. फक्त ती त्यांनी टाकीत झाकून ठेवली होती.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत!" आई म्हणाली. "मुलखाचा भित्रा माणूस!" आणि तीन महिन्यांनी प्रथम हसली.

मामा जवळ आला. "म्हणजे बॅटरीही आणि पेट्रोलही? पेटायला दोन-दोन कारणं! ताई, विकून टाक, पूर्ण विजेची घे."

"तू हायब्रिड घे म्हणालास ना? घेतली."

"कधी?"

"सहा वर्षांपूर्वी. यांनी. बस आत, बूट घाल."

गाडी गुरगुरत निघाली. आईने काच थोडी खाली केली.

"आवाज बरा आहे गं. कोणीतरी बरोबर असल्यासारखं वाटतं."

पुढच्या चौकात घर डावीकडे होतं. आणि मी, किलोमीटरमागे धुराचे ग्रॅम मोजणारी बाई, मामाच्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करून सरळ गेले. लांबच्या रस्त्याने. धूर सोडत!