उसनी कवळी

मंगळवारी संध्याकाळी थोरले काका आले ते तोंडावर रुमाल धरूनच. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. तसं काही नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. काकांची कवळी बेसिनमध्ये आपटून दुभंगली होती आणि बुधवारी सकाळी त्यांना ओळखपत्राच्या फोटोसाठी कचेरीत जायचं होतं.

"परवापर्यंत जोडून देते," ती म्हणाली. कवळ्या करणं हाच तिचा व्यवसाय. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि घराच्या मागच्या खोलीत ती एकेक दात बसवत असे.

"परवा घेऊन काय करू? फोटो उद्या नऊला आहे," काका बोळक्या तोंडाने म्हणाले आणि बाबांकडे वळले. "तुझी दे की रे एक दिवस."

ती हसली. हसणारी ती एकटीच होती.

"काका, कवळी म्हणजे काय छत्री आहे? एकाच्या मापाची दुसऱ्याला बसत नाही."

"अगं, आम्ही सख्खे भाऊ. तोंडं एकाच साच्यातली."

बाबांनी या भावाला शिडी दिली होती, पंखा दिला होता, तिची सायकल तर तिला न विचारताच दिली होती. मागणारा आधीच ओशाळलेला असतो, त्याला आणखी कशाला ताणायचं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते उठले, नळाखाली कवळी धुतली आणि वाटीत घालून भावापुढे धरली.

"सांभाळून हं, दादा. पोरीने केलीय."

ती नुसती आत निघून गेली.

जेवायला बाबांनी सूपच घेतलं. मध्येच तिच्याकडे बघून ते बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. दातांवाचून शब्द ओठांतच विरघळत होते आणि तिचा राग अजून उतरला नव्हता.

"उद्या दात आले की सांगा," ती म्हणाली. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

सकाळी सहाला ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलंसुद्धा नसेल. तिने सगळ्यांना फोन केले. काकांचा तेवढा बंद होता. बाबांचे गाल खोल गेले होते, ओठ आत वळले होते. एका रात्रीत ते वीस वर्षांनी म्हातारे झाले होते. चारला त्यांना न्यायचं होतं. तोवर त्यांचा चेहरा त्यांना परत मिळावा, एवढं एकच काम तिच्या हातात उरलं होतं.

काका अकराला आले. दारातच त्यांनी हंबरडा फोडला आणि ती दचकली. बाबांच्या समोरच्या दातांतला एक दात जरासा तिरका होता, म्हणून कवळीतही तिने तो मुद्दाम तसाच बसवला होता. काकांच्या तोंडातून बाबाच रडत होते.

"फोन का बंद होता?"

"कचेरीत बंद करायला लावतात गं. आणि तो मेला फोटोवाला म्हणतो, तोंड मिटा! दात दाखवायचे नसतात म्हणे."

तिने त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. "काढा."

"निघत नाहीये."

"काय लावलंत?"

"ती चिकटवायची पेस्ट."

"किती?"

"पडायला नको म्हणून… ट्यूब."

"अख्खी?"

"लहान होती गं."

तिने त्यांना कोमट पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. मग एका हाताने डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा दातांच्या वर सारला. काका "आई गं!" म्हणून ओरडले. बाहेर जमलेली माणसं हळहळली. "भावावर फार जीव हो त्यांचा," कुणीतरी म्हणालं. तिसऱ्या प्रयत्नाला कवळी सुटली.

तिने ती ब्रशने घासली, पुसली, दातांच्या फटी उजेडात धरून पाहिल्या आणि बाबांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. हनुवटीवर हात ठेवून तिने हलकेच जोर दिला. मग थोडा जास्त. जबडा घट्ट मिटलेला होता. तिचं सगळं आयुष्य जबड्यांच्या साच्यांत गेलं होतं; आता हा उघडणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दार करकरलं. काका पुन्हा रुमाल धरून उभे होते.

"नाही ना बसत?"

तिने बाबांच्या हनुवटीवरचा हात काढून घेतला.

"मग चारपर्यंत मलाच दे ना. मी थोरला. एवढे लोक येतायत, दोन शब्द बोलावे लागतील. या बोळक्याने काय बोलू? त्याला आता काय करायचीय?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. कवळी काकांना बसते, हे नुकतंच सिद्ध झालं होतं, आणि तेही जरा जास्तच.

"तो असता तर नाही म्हणाला नसता," काका पुटपुटले.

"नसतेच म्हणाले."

"मग?"

कवळी तिच्या मुठीत होती. कारणं पुष्कळ होती: माप, पेस्ट, हिरड्यांना होणारी जखम. त्यातलं एकही तिने सांगितलं नाही.

"मी देणार नाही, काका," ती म्हणाली. "ती मला हवीय."