मलकप्पा अण्णांचं शाकाहारी कुत्रं

सोलापूरच्या उन्हात माणूस छत्री घेऊन निघाला तर त्यात नवल काही नाही. पण छत्री कुत्र्याच्या डोक्यावर आणि स्वतःचं टक्कल उन्हात, असा माणूस मी आमच्या गल्लीतच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी मलकप्पा अण्णा. त्यांचं कुत्रं उंचीला बेताचं, त्यामुळे छत्री धरायची तर अण्णांना कमरेत वाकून चालावं लागे. शिवाय कुत्र्याच्या चारी पायांत मोजे. ते अण्णांच्या नातवाचे, पुण्याहून सुट्टीला आला तेव्हा राहून गेलेले. एका जोडीवर ससे होते.

कुणी विचारलं की अण्णा नुसतं वर बोट दाखवत. वर तारेवर कावळा बसलेला असे.

"तेनं घाण केली आन् ह्याच्या अंगावर पडली तर? बर्ड फ्लू आलाय गावात. मापात राहिलेलं बरं की."

"मापात" हा अण्णांचा खास शब्द. उभा जन्म त्यांनी चादरी आणि टॉवेल विकले. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण जग अजून ते हातानंच मोजतात. भाजीवाल्याची गाडी दारापासून चार हात लांब पाहिजे. पाहुण्याची चप्पल उंबऱ्यापासून एक हात. आमच्या ह्यांचं घोरणं भिंत ओलांडून त्यांच्या खोलीत जातं, तेही मापात बसत नाही, असं त्यांनी मला एकदा फार सभ्यपणे सांगितलं होतं.

अण्णा लिंगायत, आणि कडक. सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेणार नाहीत. घरात अंडं कधी आलेलं नाही. एकदा केकवाल्यानं बिनअंड्याचा म्हणून दिलेला केक त्यांनी संशयावरून परत पाठवला होता.

कुत्र्याचं नाव शेंग्या. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग, म्हणून शेंग्या. गौराक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एकदा मंद्रूपच्या बाजाराला गेल्या आणि पिशवीत खाली वांगी, वर हे पिल्लू, असं घेऊन आल्या. अण्णांनी महिनाभर त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पुढे गौराक्का वारल्या. मुलानं पुण्याला चला म्हटलं, अण्णा गेले नाहीत. घरात ते आणि शेंग्या उरले आणि दोघं आपापसांत कानडी बोलू लागले. अण्णांनी "सुम्न कुंद्रु" म्हटलं की शेंग्या गप्प बसतो. मी तेच मराठीत सांगून पाहिलं आहे, ढिम्म हलत नाही.

अण्णांना त्याच्या एकाच गोष्टीचा अभिमान. आमचा शेंग्या शाकाहारी हाय, हे ते येईल त्याला ऐकवत. भाकरी-दुधावर वाढलेलं कुत्रं, तोंडाला कधी हाड लागलं न्हाय. ऐकणारा गल्लीतला असला तर तो मूग गिळून उभा राही.

कारण खरी गोष्ट गल्लीतल्या पोराटोरांना ठाऊक होती. ती फक्त अण्णांना ठाऊक नव्हती, असा आमचा समज होता. समोर इस्माईलभाई राहतात. सारी हयात ट्रक चालवून आता घरी बसलेले. दुपारी अण्णांचा डोळा लागला की शेंग्या फाटकाच्या फटीतून निघायचा आणि थेट त्यांच्या बायकोच्या, खतिजाभाभींच्या परसदारी. भाभी कोंबडी साफ करताना पाय, कातडं, आतडी-बितडी बाजूला काढून ठेवत, ते सगळं ह्याचं. कोंबडी नसेल त्या दिवशी कालच्या रश्श्यात भिजवलेली रोटी. खाऊन झालं की शाकाहारी कुत्रं इस्माईलभाईंच्या खाटेखाली पसरायचं.

मग चहाच्या सुमाराला अण्णा उठत, धोतर सारखं करत, आणि इस्माईलभाईंच्या दारात जाऊन शेंग्या हितं आलाय का म्हणून विचारत. इस्माईलभाई पाच वक्त नमाज पढणारा माणूस, पण शेजाऱ्याचं मन राखण्यासाठी दिवसातून एकदा खोटं बोलायचा. "नै आया अण्णा. आएगा. बैठो, चाय पियो." अण्णा बसत. चहा होई, ट्रकच्या गोष्टी होत, दुकानाच्या गोष्टी होत, तासभर जाई. तोवर खाटेखालचं शेपूट हलत असायचं आणि दोघंही तिकडे बघत नसत. शेवटी शेंग्या जिभल्या चाटत बाहेर आला की अण्णा म्हणत, बघा, माझा वास काढत आला. हे सगळं मला माझ्या गॅलरीतून दिसतं. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि पोरं गणितं सोडवत असताना मला दुसरं काम नसतं.

तर अशात गावातल्या तळ्याकाठी बर्ड फ्लूनं मेलेले कावळे सापडले. पेपरात आलं, तिकडचे रस्ते बंद झाले, चिकनवाल्यांचे चेहरे उतरले. अण्णा सुरुवातीला निर्धास्त होते. आपल्याला काय त्याचं, आपण शाकाहारी. मग कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं की मेलेला पक्षी हुंगला, चाटला, तर कुत्र्या-मांजरांनाही हा रोग होऊ शकतो. त्या दिवसापासून छत्री आली, मोजे आले. अंगणावर जुन्या चादरी शिवून मांडव घातला. फिरून आलं की शेंग्याचे पाय साबणानं धुणं, मग स्वतःचे हात धुणं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. मी घास घेऊन गच्चीवर निघाले तर अण्णा जिन्यात आडवे आले. कावळ्यांना बोलावून जेवू घालणारं घर शेजारी असताना छत्रीचा काय उपयोग, हा त्यांचा मुद्दा होता. मी म्हटलं, अण्णा, सासूबाई वाट बघत असतील. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "त्यांना सांगा, औंदा गायीच्या रूपानं या." आणि खरोखरच स्वतः जाऊन कुणाची तरी गाय घेऊन आले. सासूबाई जेवल्या की नाही माहीत नाही. गायीनं दारातली तुळससुद्धा खाल्ली.

एवढ्यानं समाधान होईना म्हणून आम्ही शेंग्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मी शिकलेली म्हणून मला बरोबर घेतलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोज्यांवरचे ससे बघूनही हसल्या नाहीत. कुत्र्यांना हा आजार क्वचितच होतो, घाबरू नका, म्हणाल्या. मोकळं सोडू नका, तळ्याकडे नेऊ नका, मेलेल्या पक्ष्याजवळ जाऊ देऊ नका. कच्चं मांस, कोंबडीची आतडी असलं काही अजिबात नको. ताप, खोकला, सुस्ती दिसली तर लगेच घेऊन या. मग त्यांनी विचारलं, हा खातो काय?

"भाकरी-दूध," अण्णा म्हणाले. मी भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे बघत राहिले.

निघताना अण्णा दारातून परत वळले. "डॉक्टरीणबाई, शिजवलेलं चालतंय का? चांगलं शिजवलेलं?" बाई म्हणाल्या, पूर्ण शिजलेलं असेल तर काही हरकत नाही. अण्णा मला म्हणाले, गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांसाठी विचारलं. मीही मान डोलावली.

घरी आल्यावर शेंग्याला साखळी लागली. साखळी मापून घेतलेली, फाटकाच्या अलीकडे बरोबर दोन हात संपणारी. पहिल्या दिवशी त्यानं भाकरी हुंगून सोडली. दुसऱ्या दिवशी हुंगलीही नाही. समोरच्या घराकडे तोंड करून पडून राहायचा. मला धडकी भरली, कारण सुस्ती दिसली तर लगेच आणा असं बाईंनी बजावलं होतं. पण जो माणूस कावळ्याच्या सावलीला भ्याला, तो आता दवाखान्याचं नावही काढत नव्हता. अण्णा स्वतःच पायरीवर बसून असायचे, दाढी वाढलेली. चहाच्या वेळेला उठायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे.

समोर वेगळीच तऱ्हा. इस्माईलभाई मला गल्लीच्या तोंडाशी भेटले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. अण्णांना सगळं कळलं, म्हणून कुत्रं बांधलं आणि येणंही तोडलं, अशी त्यांची खात्रीच झाली होती. "उन्के धरम का जानवर हमने बिगाड दिया, बाई. अब कौनसे मूं से जाऊं?" भाभींनी कोंबडी आणणंच बंद केलं होतं. शेंग्याला काही झालं तर ते आपल्याच हातून झालं, ह्या विचारानं त्यांना नीट झोप लागत नव्हती.

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी अण्णांच्या पायरीवर जाऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं केलं आणि मग सांगून टाकलं. शेंग्या आजारी नाही अण्णा, तो रोज समोर जाऊन कोंबडी खातो, त्याला त्याचीच सवय झाली आहे, आम्ही सगळ्यांनी लपवलं, रागवायचं तर आमच्यावर रागवा.

अण्णांनी माझ्याकडे, गणित चुकलेल्या पोराकडे मी बघते तसं बघितलं.

"बाई, जन्म गेला माजा चादरी विकण्यात. गिऱ्हाईक चादर परत आणून द्यायचं, म्हणायचं पाण्याचा डाग हाय. डाग कशाचा हाय ते मी वासावरनं सांगायचो. रोज संध्याकाळी हेचं तोंड मी पुसतो. मला रस्सा कळत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

ते शेंग्याच्या कानामागे खाजवत राहिले. "बोललो असतो तर बांधावं लागलं असतं. आमच्या घरचा नियम हाय. आन् बांधलं असतं, तर हुडकायला कुटं गेलो असतो मी?"

मग म्हणाले, "गौरा होती तवा ती साऱ्या गल्लीत जायची, वाटी घेऊन, लिंबू घेऊन. तिच्यामागनं माजं बी जाणं व्हायचं. आता गडी माणसानं उगंच कुनाच्या दारात कसं जावं? काय काम काडलं म्हणून इचारतील की. कुत्रं हरवलं म्हटलं की कोन इचारत न्हाय. पोरगा म्हणतोय पुण्याला या. तितं मी काय हुडकत जाऊ?"

अण्णा असे एकटे असतील हे मला गॅलरीतून इतकी वर्षं बघूनही कळलं नव्हतं. मला वाटायचं, ह्या माणसाला फक्त माप कळतं. मी एवढंच म्हटलं की इस्माईलभाई समजतात तुम्ही नाराज आहात. हे मात्र अण्णांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते एकदम उठून उभे राहिले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दाढी केली होती. चहाच्या सुमाराला त्यांनी शेंग्याची साखळी सोडवून हातात घेतली आणि गल्ली ओलांडली. माझी पोरं अपूर्णांक सोडवत होती, त्यांना मी आणखी दोन गणितं घातली आणि कठड्याशी आले.

फाटकाची कडी वाजली तशी आतून इस्माईलभाईंचा आवाज आला, सवयीनं, न बघताच. "नै आया अण्णा." आणि मग ते धावतच दारात आले. समोर अण्णा, अण्णांच्या हातात साखळी, साखळीला शेंग्या. इस्माईलभाईंना पुढचं खोटं सापडेना.

"कुत्रं माज्याजवळच हाय," अण्णा म्हणाले. "त्येला हुडकायला न्हाय आलो. मीच आलोय. घरी करमंना मला."

इस्माईलभाईंनी अण्णांच्या हातातली साखळी स्वतःच्या हातात घेतली.

"मेरेकू बी कहां करमता, अण्णा," ते म्हणाले.

दोघं आत गेले. शेंग्याला बघून भाभींनी बहुधा लगेच कोंबडी मागवली असावी, कारण थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी. अण्णांचा आवाज आला, भाभी, अजून एक होऊ द्या, कच्चं नको. मी आत येऊन पोरांच्या वह्या तपासायला बसले, पण बराच वेळ मला एकही आकडा नीट दिसला नाही.