लुक्क्यात बसायची सोय

आमच्या इस्माईलभाईंच्या पायांना काडीचंही काही झालेलं नाही. तरी रोज जेवणाच्या सुट्टीत ते गोदामात लंगडत चालतात. वीसेक पावलं टाकायची, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर टेकायचं, घड्याळ बघायचं, की पुन्हा उठायचं. नवीन आलेला माणूस हळहळतो, पाणी आणून देतो. इस्माईलभाई पाणी पितात आणि म्हणतात, "मी ठणठणीत हाय. मी आता लुक्क्यात हाय."

लुक्का हे इटलीतलं एक जुनं शहर. इस्माईलभाई दापोलीकडचे, मस्कतजवळ रुसैलला आमच्या टाइल्सच्या कारखान्यात स्टोअरकीपर. फार तर सुटे भाग आणायला मस्कतच्या गाला भागापर्यंत जाणार. पण मशीन बसवायला आलेला एक इटालियन जाताना आपल्या गावाचा नकाशा देऊन गेला आणि हे कामातून गेले. नकाशा स्टोअरच्या भिंतीवर, बाकीचं शहर मोबाइलवर. तिथल्या कुठल्या गल्लीत फरशी उखडलीय, हेसुद्धा यांना पाठ.

बरं, इतिहास विचारावा तर शून्य. त्यांचा सवाल एकच, "बसायची सोय काय?" कॅन्टीन नवं झालं, बसायची सोय काय? कुणी पनवेलला फ्लॅट घेतला, लिफ्टपाशी बसायची सोय काय? मी नागपूरचा, इंजिनिअर, तोंडाचा फटकळ. एकदा पॅलेटवर त्यांच्या शेजारी बसायला गेलो तर म्हणाले, "तिथं नको साहेब, समोरच्यावर बसा."

"का हो, रिझर्वेशन आहे?" मी विचारलं. त्यांनी समोरच्या पॅलेटकडे बोट केलं.

गेल्या वर्षी माझी आई मस्कतला आली. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. पुस्तकातलं एखादं तरी शहर डोळ्यांनी बघायचं, ही तिची हौस. मी मोठ्या तोऱ्यात इटलीची तिकिटं काढली, आणि तिचे गुडघे असे धरले की घरातून लिफ्टपर्यंत जाताना ती दोनदा थांबायची. "राहू दे रे, फोटोत बघू," म्हणाली. तिकिटं रद्द करतोय, असं मी स्टोअरमध्ये बोलून गेलो.

"रद्द?" इस्माईलभाई ओरडलेच. "यल्ला, चला, कागद घ्या!"

आणि ते सांगत सुटले. "शेराला चहूकडनं तट हाय. चढायला पायऱ्या पण हायत, उतार पण हाय. उतार पकडायचा. वर गोल रस्ता, झाडं, बाकं. आख्खा फिरायचा नाय, पयल्या बाकावर बसायचं, शेर समोरच दिसतो. एका मनोऱ्याच्या डोक्यावर झाडं हायत, पण दोनशेच्या वर पायऱ्या. खलास. खालनंच बघायचा. मोठ्या चर्चच्या ओसरीत खांबावर भूलभुलैया कोरलाय, त्याला चढावं लागत नाय. मग लांबट गोल चौक, गोदामाच्या तीन फेऱ्या. मधी दोनदा बसायचं."

"तिथे रोमन लोकांचं रंगमंदिर होतं ना?"

"असंल. आता खुर्च्या हायत."

आम्ही तो कागद घेऊन गेलो, आणि काय सांगू! उतार तिथेच, बाक तिथेच. आईने मनोरा खालून मान वर करून मनसोक्त पाहिला. भूलभुलैयापाशी उभी राहून मला अख्खा तास शिकवला. तटावरच्या बाकावर टेकली, दम खाल्ला आणि म्हणाली, "अरे, हा माणूस कोण? याला माझे गुडघे कसे रे ठाऊक?"

आपण या माणसाची किती टिंगल केली, ते आठवून लाज वाटली.

परत आल्यावर शुक्रवारी त्यांना घरी जेवायला बोलावलं. "इस्माईलभाई, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हणालो. त्यांचं लक्ष दुसरीकडेच.

"आई, बाकावर सावली होती?"

"होती हो. पण तुम्ही हे कुणासाठी जमवलंत?"

ते ताटात बोटाने रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हिच्यासाठी. गुडघे गेलेत तिचे. तीस वर्षं मी हितं, ती गावात. वर्षाला एक महिना मिळतो. तिला कुठं म्हणून नेली नाय. आता चल म्हणतो तर म्हणते, मी मधीच बसले तर लोक खोळंबतील, तुमीच जा. म्हणून मी रोज तिच्या पायांनी चालून बघतो."

आई म्हणाली, "लावा फोन."

"जयभीम, ताई," आई फोनवर म्हणाली. "मी आख्खं लुक्का बसत बसत बघितलं. एकही माणूस खोळंबला नाही." मग दोघी तासभर गुडघ्यांवर बोलल्या. तेल, लेप, डॉक्टर, सुना, सगळं झालं. शेवटी आईने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "येते म्हणाली. तुम्ही बसलात, मग मीपण बसेन, म्हणाली."

इस्माईलभाई उठून खिडकीपाशी गेले. मग हळूच मला विचारलं, "साहेब, त्या बाकावर दोघं मावतील?"

"आरामात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा लंगडत निघाले. वीसेक पावलांवर पॅलेटच्या एका कडेला बसले, आणि शेजारची रिकामी जागा त्यांनी खिशातल्या रुमालाने स्वच्छ पुसून घेतली.