उभ्या ग्लासाचं वय

मूल वेळेवर वाढलं नाही तर आईबापांना घोर लागतो, आणि वेळेआधी वाढलं तर दुकानाला. पहिली गोष्ट पुस्तकांत सापडते. दुसरी सोसायची पाळी रसवाल्या आजीवर आली.

तिची तक्रार साधी होती. तिची सात वर्षांची नात भिंगरी सोमवारपासून शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांना खरं सांगायची. ("चोरी केली असती तर समजावून तरी सांगितलं असतं," आजी म्हणायची. "खरं बोलणाऱ्या पोरीला काय सांगू?")

हे खरं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आजीच्या फळांच्या रसाच्या दुकानात ग्लास दोन प्रकारचे. एक बुटका आणि रुंद, दुसरा उभा आणि बारीक. पाटीवर पहिल्यापुढे 'साधा' लिहिलंय, दुसऱ्यापुढे 'खास'. खासचा भाव दीडपट. रस दोन्हींत तेवढाच मावतो. पाटीवर 'जास्त' हा शब्द आजीने कधी येऊ दिला नाही, कारण खोटं तिच्या स्वभावातच नाही. माणसं ग्लासांकडे बघत आणि काय ते आपलं आपण ठरवत. तिने फक्त कुणाला अडवलं नाही. या न अडवण्यावर दुकान चाललं, मुलाचं लग्न झालं आणि घरावर मजला चढला.

सगळं सुरळीत होतं. मग सूनबाईने पालकांच्या वर्गात नाव घातलं.

तिथल्या बालविकासाच्या मॅडम सांगत की मुलं टप्प्याटप्प्याने वाढतात. आजीने तिसरीत शाळा सोडली होती (शाळेचं म्हणणं, शाळेने तिला सोडलं), तरी हे शास्त्र तिला फार पटलं. पहिल्या टप्प्यात मुलाला वाटतं, नजरेआड झालेली वस्तू जगातूनच गेली. (खरकट्या भांड्यांच्या बाबतीत आजोबांचा हा टप्पा अखेरपर्यंत टिकला.) दुसऱ्यात मूल टेबलावर आपटलं की टेबलाला फटका देतं. (आजीचा मुलगा अजून मिक्सरला मारतो. मिक्सर चालूही होतो, तेव्हा शास्त्राने यावर पुन्हा विचार करावा.) तिसऱ्यात जे उंच दिसतं ते जास्त वाटतं. आणि चौथ्यात मुलाला उमगतं, की भांडं बदललं तरी आतलं तेवढंच राहतं.

सोमवारी सूनबाईने ओट्यावर दुकानातलेच दोन ग्लास मांडले, उभ्यातलं पाणी बुटक्यात ओतलं आणि भिंगरीला विचारलं, "जास्त कशात होतं गं?"

"सारखंच की. तूच तर ओतलंस."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीच्याही आलं, पण ते वेगळ्या कारणाने.

त्यानंतर आजीने जे उपाय केले ते कोणत्याही जबाबदार संस्थेने केले असते. भिंगरीला मागच्या खोलीत संत्री सोलायला बसवलं, तर ती खिडकीतून ओरडून सांगू लागली. तिला गप्प करायला उभा ग्लास काठोकाठ भरून दिला, तर म्हणाली, "बुटक्यात दे ना आजी, उभा नाकाला लागतो." शेवटी आजीने मान खाली घालून सुनेला गाठलं.

"सूनबाई, हिला एक टप्पा मागे आणता येईल का गं?"

"अहो आई, टप्पे मागे जात नाहीत!"

"कायमचं नाही म्हणत मी. नुसतं शनिवार-रविवार."

शनिवार उजाडला. दुकान भरलं होतं. वकील, बँकेतले साहेब, न्हावी, आणि लेकीच्या प्रगतीचं कौतुक दाखवायला सुनेने मुद्दाम आणलेल्या मॅडम. वकिलांनी खास मागवला. तो त्यांच्या हातात पडायच्या आत भिंगरीने उचलला आणि सगळ्यांसमोर बुटक्यात रिकामा केला. थेंब सांडला नाही. बुटका बरोबर काठाशी भरला.

आजीने गल्ल्याची कड घट्ट धरली. वरचा मजला डोळ्यांसमोर हलताना तिला दिसला.

वकील वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "बिनतोड पुरावा! पोरगी नाव काढणार." मग घसा खाकरला. "आजी, आता हे जरा परत उभ्यात ओता."

"तेवढंच आहे, हे आलं लक्षात," बँकेतले साहेब म्हणाले, "पण उभ्यातलं पुरतं जास्त वेळ. मला उभाच."

"चारचौघांत बुटका हातात धरायचा म्हणजे कसंसंच वाटतं," न्हावी म्हणाला. "उभा."

मॅडमनी भिंगरीच्या गालाला हात लावला आणि चौथ्या टप्प्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलून घशाला कोरड पडली म्हणून त्यांनीही उभाच मागवला. ("मला फरक माहीत आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी डोळसपणे निवडतेय.") अशा रीतीने शास्त्राला आजवर न सापडलेला पाचवा टप्पा या दुकानात सापडला. तो लागला की माणसाला सगळं कळतं, आणि कळून-सवरून तो उभाच मागतो. दिवसभरात साधा घेणारा एकच निघाला. त्याच्याकडे सुटे कमी होते.

बाहेर रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमली होती. शहाणीसुरती माणसं, आतल्यांना पोट धरून हसत होती.

भिंगरीचा चेहरा उतरला. "आजी, मी दाखवलं ना त्यांना? त्यांनी पाहिलं ना?"

आजीने कड सोडली, पदराने तिचं नाक पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"बये, तुझं अगदी बरोबर आहे. दोन्हींत सारखंच. पण तू मोठी झालीस ना, मग आता मोठ्यासारखं वाग. ही लहान आहेत, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. आणि ते बाहेर उभे राहून ह्यांना हसतायत ना? ते आता आत येतील. जा, त्यांच्यासाठी ग्लास विसळून ठेव. उभे."