हॅगथॉर्प गावचा एकुलता एक हॅगथॉर्प

गावाच्या पाटीवर आपलंच आडनाव वाचायला काय झकास वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं! यॉर्कशरमधलं हे गाव हॅगथॉर्प आणि मी पर्सिव्हल हॅगथॉर्प. लीड्स सोडून इथल्या जुन्या बेकरीत राहायला आलो, तेव्हाच मी बायकोला ठणकावलं, "म्युरिएल, आपण नुसते येत नाही आहोत, परत येतोय! पूर्वजांच्या गावी!"

"तुझ्या पूर्वजांच्या. मी माहेरचंच स्टब्स लावते," ती म्हणाली. "आधी ते गळकं छप्पर बघ."

पण गाव कसलं खडूस! 'आज गारठा आहे' याच्या पुढे कोणी बोलेल तर शपथ! पबात आम्ही म्हणजे 'बेकरीतले नवे', बस्स. आपल्याच गावात परका! फार लागायचं हो मनाला.

शेवटी जत्रेच्या बैठकीला गेलो. प्रमुख पॉपलवेलबाईंनी विचारलं, "आपलं नाव?"

मी छाती फुगवून सांगितलं. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला!

"खरंखुरं आडनाव?" बाई खुर्चीतून उठल्याच.

"पिढ्यान्‌पिढ्या!"

"अहो, इतकी वर्षं आम्ही पेंढ्यावर भागवतोय! मिरवणुकीत सगळ्यात पुढे तुम्हीच!"

पेंढ्याचं काही कळलं नाही, पण आनंदाच्या भरात कोण विचारतंय! मी नवा पांढरा सूट शिवून घेतला.

जत्रेच्या सकाळी म्युरिएल म्हणाली, "अरे, लोक सडके टोमॅटो का गोळा करतायत?"

"खताला असतील!"

बँड वाजला. मी हॅट उंचावली. पॉपलवेलबाईंनी शिट्टी फुंकली आणि अख्खं गाव ओरडलं, "हाकला हॅगथॉर्पला!"

पहिला कोबी थेट हॅटवर! मी जो पळालो! चर्च गेलं, तळं गेलं, तळ्यातली बदकंसुद्धा मागे लागली! बँड मात्र सुरात. मी ओढ्यात उडी टाकली आणि चिखल गिळत पलीकडे निघालो.

तिथे गावातले सेथ आजोबा टॉवेल घेऊन खुर्चीत बसलेले. एरवी पेंढ्याच्या बाहुल्याला काठावर ओढून घ्यायचं काम त्यांचं.

"आजोबा, अहो, माझे पूर्वज इथले!" मी रडकुंडीला आलो.

"म्हणून तर! गावाचं डुक्कर पळवलं म्हणून हाकललं होतं तुझ्या पूर्वजाला, त्याचीच ही जत्रा. अरे, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतो? इथे सगळेच हॅगथॉर्पचे! तो परगावी गेला, तेव्हा तिथले म्हणू लागले, हा हॅगथॉर्पचा."

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, "शाब्बास रे पर्सी!" पर्सी! नावाने हाक! चिखलातसुद्धा भरून आलं बघा मला.

"पुढच्या वर्षी पळणार ना?" पॉपलवेलबाई ओरडल्या.

"पळणार!" तोंडून निघूनच गेलं. "आता येऊ का तिकडे?"

"छे! हॅगथॉर्पला सूर्य मावळेपर्यंत गावबंदी! बरं, पहिला कोबी कोणाचा? जत्रेच्या केकचा पहिला तुकडा त्याचा!"

गर्दीतून हात वर झाला. म्युरिएल स्टब्स!

लग्नात 'खानदानी आडनाव आहे, लाव की' म्हणून मी किती मागे लागलो होतो! लावलं असतं, तर निदान टॉवेलात सोबत तरी असती.